दुपारी निळा होणारा पडदा

६ सप्टेंबर

खारू,

आशीर्वाद. फोन करायचा सोडून पत्र लिहितेय म्हणून नाक मुरडू नकोस. फोनवर तू बोलतेस एक आणि माझ्या कानात शिरतं भलतंच. मग तू ओरडतेस, मग मी ओरडते, आणि शेजारीण येऊन विचारते, भांडण कुणाशी? ईमेल करावी, तर ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच हाती चिठ्ठी द्यायची, हे मला पटत नाही.

माझा लॅपटॉप बिघडलाय. म्हणजे चालतो, पण त्याचं डोकं फिरलंय.

तुला माहीतच आहे, औषधांचं दुकान विकलं तरी औषधं काही मला सोडत नाहीत. खोक्यात घडी घालून ठेवलेले ते बारीक कागद असतात ना, जे कुणी वाचत नाही, त्यांचं भाषांतर करते मी. ‘चक्कर आल्यास वाहन चालवू नये’ हे इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. आमचा बोक्या घर सोडून जाताना त्याचा जुना लॅपटॉप मला ठेवून गेला, त्यात त्यानेच बसवलेला तो एडिटर आहे. त्यात लिहायचं आणि काम झालं की पेनड्राइव्ह घेऊन कंपनीत जायचं. दोन वर्षं होत आली, अगदी गुणी बाळासारखा वागला. लॅपटॉप म्हणतेय मी. बाळाचं काय बोलायचं. ‘मी ठीक आहे, शोधू नका’ एवढा निरोप, आणि नंबर बंद. असो.

तर गेल्या महिन्यात कंपनीने घरी इंटरनेट घ्यायला लावलं आणि हे सुरू झालं. दुपारी मी खिडकीजवळच्या खुर्चीत काम घेऊन बसते आणि, तुझ्यापासून काय लपवायचं, डुलकी लागते. डोळा उघडला की समोरचा पडदा बदललेला असतो. सकाळी पांढरा, आता निळा, दिवस मावळून गेल्यावर तळ्याचं पाणी दिसतं तसा. अक्षरं पिवळट आणि मुंगीएवढी. मला वाटतं, मी अजून झोपेतच आहे. कुणीतरी पाय न वाजवता आत आलं, उजेड कमी केला आणि निघून गेलं, असं काहीतरी. नवल म्हणजे भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं, आणि म्हणूनच जरा भीती वाटते.

पण पाच मिलिग्रॅम की पन्नास, हे दिसलं नाही तर माझ्यापायी एखादा वर जाईल. तू या कॉम्प्युटरच्या धंद्यातली. सांग काय करू.

तुझी मावशी


१४ सप्टेंबर

मावशी,

नमस्कार, आणि तोही वाकून. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलीये, तरीही वाकले, याची नोंद घे.

लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे, अंधार पडला की आपोआप गडद व्हायचं असं काही मशीन ठरवून बसलेलं असतं, आणि तुझ्या मशीनचं घड्याळ चुकलं असेल. दुसरी म्हणजे, डुलकी घेताना तुझं कोपर कीबोर्डवर पडतं. रागावू नकोस, आमच्या ऑफिसात अशी मोठमोठी माणसं आहेत.

आता मी सांगते तसं कर, घाई न करता. कंट्रोलचं बटण दाबून धर आणि स्वल्पविराम दाब. सेटिंग्जचं पान उघडेल. वर शोधायची पट्टी आहे तिथे ‘फॉन्ट साइझ’ इंग्रजीत लिही. आकडा दिसेल, तो तुला सोसेल एवढा वाढव. मग तसंच ‘थीम’ शोध आणि पांढरी निवड. बस्स. घड्याळही एकदा बघून घे.

आणि एक कर. एडिटरच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, एक छोटा गोल असतो. त्यात काय दिसतं ते मला लिही. तुझ्या नावाचं खातं उघडलंय का एवढंच बघायचंय.

बोक्यादादाचं काही कळलं का, हे दर वेळी विचारायचं आणि दर वेळी गिळायचं. या वेळी विचारते.

खारू


२२ सप्टेंबर

खारू,

बोक्याचं काही नाही. विचारत जा. कुणी विचारत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आता ऐक. घड्याळ बरोबर आहे. कोपराचं म्हणशील तर चार दिवस मी हात मांडीवर बांधल्यासारखे ठेवून झोपले. तू सांगितलंस तसं सगळं केलं. सकाळी अक्षरं छान टपोरी, पान पांढरंशुभ्र. दुपारी उठले, परत निळं आणि परत मुंग्या. मी वाढवते आणि कुणीतरी कमी करतं. रोज. आमचा दोघांचा खेळच चाललाय म्हण ना.

काल मी हट्टाने जागी राहिले. कडक चहा घेतला, उभ्याने काम केलं. खिडकीत ऊन कलतं होतं, रस्त्यावर कुणी नाही, पलीकडच्या गच्चीवर चादरी हलत होत्या. ‘या गोळीने गुंगी येऊ शकते’ हे वाक्य लिहीत होते. ‘गुंगी’ लिहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला. मी काही दाबलं नाही, देवाशपथ. अक्षरं लहान होत गेली आणि थांबली. मी चक्क मागे वळून बघितलं. मागे कोण असणार? कपाट.

शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, जुनी यंत्रं अशीच चळतात, मीपण चळलेय. लॅपटॉपला आणि मला एकदम दाखवून आणा म्हणे.

तो गोल बघितला. त्यात मांजराचं चित्र आहे. नारिंगी, एक कान दुमडलेला. माझं खातंबितं काही नाही बाई. मी मांजर लावलेलं नाही.

तुझी मावशी


३० सप्टेंबर

मावशी,

हे पत्र बसून वाच.

ते मांजर बोक्यादादाचं आहे. कॉलेजात होता तेव्हापासून तो सगळीकडे तेच चित्र लावतो. लॅपटॉप तुला देताना त्याने एडिटरमधलं आपलं खातं बंद केलं नाही, विसरला असणार. या एडिटरची एक सोय असते. एकच खातं दोन मशीनवर उघडं असलं, तर एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही जातो. रंग, अक्षराचा आकार, सगळं. लिहिलेला मजकूर जात नाही, फक्त ही मांडणी जाते. याला सिंक म्हणतात. इतके दिवस तुझ्याकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून काही जात-येत नव्हतं.

म्हणजे तुझ्या दुपारी कुठेतरी दादा कामाला बसतो, त्याला पांढरं आणि टपोरं दिसतं, तो वैतागून निळं आणि बारीक करतो. आणि ते तुझ्याकडे उमटतं. त्यालाही कळत नसणार हे कोण करतंय. माझ्यासारखाच तोही कोपराला दोष देत असेल.

मावशी, तो आहे. रोज कामाला बसतोय.

आता काय करायचं ते तू ठरव. सिंक बंद करायचं तर एका मिनिटाचं काम आहे, तुझा पडदा तुझा होईल. किंवा मी त्या खात्यातून जरा खोलात जाऊन बघते, दुसरं मशीन कुठल्या गावात आहे ते बहुतेक कळेल. तू हो म्हण, मी आज सुरू करते.

खारू


११ ऑक्टोबर

खारू,

तुझं पत्र वाचलं आणि उठून लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिले. पडदा निळा होता. त्याला जवळ घ्यावं की एक थोबाडीत द्यावी, कळेना. शेवटी पदराने पुसला. खूप धूळ होती.

मग बसून रडले. बरं वाटलं. दोन वर्षांत असं रडले नव्हते, कारण कशासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं.

आता तुझ्या दोन्ही गोष्टींना नाही. सिंक बंद करायचं नाव काढू नकोस. आणि चोरून शोधायचंही नाही. त्याचा संसार मोडला, त्याने काढलेलं छोटं दुकान बंद झालं, आणि तो सगळ्यांपासून तोंड लपवून गेला. लपलाय तर लपू दे. मी खिडकीतून डोकावतेय हे त्याला कळलं, तर तो ती खिडकीही लावून घेईल. मग माझ्याकडे काय राहील? आत्ता निदान तो कुठेतरी आहे, एवढं तरी कळतं.

म्हणून मी आता काही बदलत नाही. त्याला निळं आवडतं, राहू दे निळं. कपाटातून ह्यांचं भिंग काढलंय, ते धरून मुंग्या वाचते. काम सावकाश होतं, होऊ दे.

दुपारी मात्र खुर्चीत बसले की मजा वाटते. पडदा तसाच निळा असतो, ऊन भिंतीवरून खाली सरकत असतं, आणि अर्धवट झोपेत वाटतं की पडद्याच्या पलीकडच्या खोलीत तो बसलाय, पाठमोरा. मध्ये फक्त पाणी आहे. मी त्याला हाक मारत नाही, तोही वळत नाही. पण दोघं एका घरात असल्यासारखं वाटतं. वेडी म्हण हवं तर.

तुझी मावशी


१९ ऑक्टोबर

मावशी,

वेडी तू नाहीस, पण भिंगाने औषधाचे आकडे वाचणारी माणसं मला पटत नाहीत.

एक सांगून ठेवते, आग्रह नाही. एडिटरच्या खिडकीच्या अगदी माथ्यावर एक ओळ असते ना, फाइलचं नाव दाखवणारी? तिथे आपल्याला हवं ते लिहिता येतं. सेटिंग्जमध्ये ‘टायटल’ शोधायचं आणि चौकटीत लिहायचं. तुझ्याकडे उमटेल आणि त्याच्याकडेही उमटेल. तोही तसंच उत्तर देऊ शकेल.

तू म्हणतेस तसा तो खिडकी लावून घेईल, हा धोका आहेच. खोटं कशाला सांगू? मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मलाही माहीत नाही.

खारू


१६ नोव्हेंबर

खारू,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज वाटायचं, उद्या काहीतरी बदलेल आणि मग लिहीन.

तुझं मागचं पत्र यायच्या आदल्या दिवशी दुपारी जागी झाले, तर अक्षरं मोठी! चांगली ठळक, मी ठेवायचे त्याहूनही मोठी. आणि पान पांढरं. मी हात लावला नव्हता. आधी हसू आलं, मग भिंग खाली ठेवलं. त्याच्या बाबांचे डोळे ऐन पस्तिशीत अधू झाले होते, आठवतं ना तुला? कठडा चाचपत जिना उतरायचे. बोक्याही आता त्याच वयाचा झाला. त्याला दिसेनासं झालं असणार, म्हणून एवढी मोठी अक्षरं.

आणि त्यानंतर काही नाही. निळं नाही, बारीक नाही, काही म्हणजे काही नाही. दुपारी झोपून उठते, पांढरंच. पडदा आहे तसा, हॉस्पिटलच्या भिंतीसारखा. आता मला भिंग लागत नाही, काम झरझर होतं, आणि त्या प्रत्येक टपोऱ्या अक्षराचा मला राग येतो. डुलकीही लागत नाही. पलीकडच्या खोलीत कुणी नाही, हे झोपेलाही कळतं बहुतेक.

आजारी असेल. एकटा असेल. काम सुटलं असेल. त्याहून पुढचं मी लिहीत नाही.

काल ठरवलं. खिडकी लावून घेतलीस तर घे बाबा, पण जिवंत हाताने लाव, म्हणजे मला कळेल तरी. आज सकाळी तू सांगितलंस तसं ‘टायटल’ शोधलं. चौकटीसमोर केवढा वेळ बसले. खूप काही लिहून पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं, ‘आहेस का?’

सकाळपासून ती ओळ माझ्याच डोक्यावर आहे. वर बघायचं धाडस होत नाही.

मावशी


२३ नोव्हेंबर

आई,

एका शब्दाचं उत्तर तुला पडद्यावर मिळालंच असेल. बाकीचं तिथे मावणार नाही, म्हणून हे.

माझे डोळे ठणठणीत आहेत. सगळ्यात आधी हेच लिहितोय, कारण मोठी अक्षरं बघून तू काय समजली असशील, हे मला आत्ता उत्तर दिल्यावर सुचलं. बाबांचं आठवलं असणार तुला.

मी एका बोटींच्या धक्क्यावर काम करतो. कुठली बोट कधी सुटणार, ते प्रवाशांच्या हॉलमधल्या मोठ्या फलकावर दिसतं ना, ते लिहायचं काम. वर छोटी खोली, खाली पाणी. जेवतो, झोपतो, बरा आहे. मध्यंतरी माझा पडदा रोज आपोआप पांढरा आणि टपोरा व्हायचा. मी शिव्या घालत नीट करायचो. एडिटर काढून पुन्हा घातला, तरी तेच. मग एक दिवस तेही थांबलं, तेव्हा कुठे मी खातं उघडून बघितलं. दुसऱ्या मशीनचं नाव होतं ‘आईचा लॅपटॉप’. नाव मीच दिलेलं, निघायच्या दिवशी.

तेव्हा कळलं की तुला बारीक दिसत नाही, म्हणून तू रोज मोठं करत होतीस आणि मी रोज हाणून पाडत होतो. म्हणून तुझ्यासाठी पांढरं केलं, मोठं केलं आणि परत कशालाच हात लावला नाही. तुला नीट दिसू दे, एवढंच होतं मनात. लिहायचं धाडस नव्हतं. मी गप्प बसलोय ते तुझ्यासाठी, आणि तिकडे तुला वाटतंय मी उरलोच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत काम करतो म्हणून सगळे मला आजोबा म्हणतात.

आता गंमत ऐक. या दिवसांत इथे धुकं असतं. बोटी थांबतात आणि दमट हवेने फलक बिघडतो. मग माझाच पडदा हॉलमधल्या भिंतीवर दाखवतात. त्या दुपारीही तसंच होतं. बाहेर पाणी दिसत नव्हतं, आत माणसं बाकांवर पेंगत होती. आणि भिंतीवर, माझ्या खिडकीच्या माथ्यावर, एकाएकी उमटलं, ‘आहेस का?’

सगळा हॉल जागा झाला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘आहे बाबा, कुठे जाणार, बोट नाही.’ लोक हसले. आमच्या तिकीटवाल्या बाई जिना चढून वर आल्या, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, ‘कोण आहे?’ मी म्हटलं, ‘आई.’ म्हणाल्या, ‘मग उत्तर दे की, मेल्या!’ मी ‘आहे’ लिहिलं तेव्हा खाली सगळे उभे राहून वाचत होते.

आई, मला लाज वाटत होती. संसार नीट झाला नाही, दुकान नीट झालं नाही, आणि तू काही विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं. अजूनही येणार नाही. पण मला घरी यायचंय. येऊ का?

पत्ता मागच्या बाजूला आहे. उत्तर पत्रानेच पाठव. पडद्यावर लिहू नकोस, अजून धुकं आहे, सगळा धक्का वाचतो.

बोक्या


३० नोव्हेंबर

खारू,

त्याचं पत्र सोबत पाठवतेय, वाचून जपून परत कर. तू मध्ये नसतीस तर मी अजून कोपर सांभाळत बसले असते.

पडद्यावर लिहू नकोस असं त्याने बजावलंय, तू वाचशीलच. आता मला सांग, येऊ का असं विचारणाऱ्या पोराला मी आठ दिवस पोस्टाच्या भरवशावर ठेवू? सेटिंग्ज उघडले, चौकटीत लिहिलं, ‘ये.’

मग वाटलं, हा पोरगा ‘ये’ वाचेल आणि तसाच बसून राहील. आपली जात मला माहीत आहे. म्हणून आणखी लिहिलं, ‘धुक्यात थांबलेल्या मंडळींनो, हा पडदा ज्याचा आहे त्याला पहिल्या बोटीत बसवा. त्याची आई.’

वाचू दे सगळ्या धक्क्याला.

सकाळभर काही नाही. दुपारी खुर्चीत बसले, पुष्कळ दिवसांनी गाढ डोळा लागला. जागी झाले तेव्हा खोलीत ऊन संपत आलं होतं, आणि पडद्याच्या माथ्यावर दुसरीच ओळ होती. त्याने लिहिलेली नव्हती, तो इतकं ठणकावून लिहीतच नाही.

‘बसवलं. तिकीटवाल्या बाई.’

मावशी